मागच्यासारखेच पाठवा, फक्त पन्नास नग वाढवा

भाषा मॉडेल (चॅटजीपीटीमागे असते तशी, मजकूर समजून लिहिणारी प्रणाली) आणि कामे आपोआप उरकणारी साधने यांची जोडणी हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. कोल्हापुरात तो सांगितला की ‘म्हणजे माणसे कमी होणार का?’ असे हमखास विचारले जाते. माझ्या प्रबंधाचा प्रश्न त्याहून बारीक आहे: मॉडेलने सुचवलेली कृती कोणत्या टप्प्यावर प्रत्यक्षात आणावी आणि ते कोणी ठरवावे?

‘अमुक घडले तर तमुक कर’ या तत्त्वावर झॅपियरसारखी साधने २०११पासून चालत आली आहेत. ती ताठर असली तरी तीच माहिती मिळाल्यावर दर वेळी तीच कृती करतात. भाषा मॉडेल अघळपघळ वाक्याचाही अर्थ लावते, पण तोच अर्थ पुन्हा लावेल याची खात्री देत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला) गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, असे समजा: ‘मागच्यासारखेच पाठवा, फक्त पन्नास नग वाढवा.’ ऑर्डर सांभाळणाऱ्या जुन्या माणसाला यात काही अवघड वाटत नाही. यंत्रणेला मात्र मागची ऑर्डर नेमकी कोणती, मधल्या काळात ड्रॉइंग बदलले आहे का, पन्नास नग कोणत्या आकड्यात मिळवायचे, हे सगळे शोधून मगच नोंद करावी लागते. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, ती अशी की मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. ते फक्त कोणते फंक्शन (प्रोग्राममधला एक ठरावीक काम करणारा भाग) कोणत्या माहितीसह चालवावे हे ठरावीक साच्यात लिहून देते आणि भोवतालचा प्रोग्राम ते चालवतो. त्या दोहोंमधल्या जागेत माझे काम आहे.

मेटाच्या संशोधकांनी २०२३मध्ये मांडलेल्या टूलफॉर्मर या पद्धतीत मॉडेल गणकयंत्र, शोध, भाषांतर, दिनदर्शिका अशी साधने वापरायला शिकले. ती सगळी फक्त माहिती आणून देणारी आहेत. गणकयंत्राला चुकीचा आकडा दिला तर उत्तर चुकते, पण भट्टीत ओतकाम सुरू होत नाही. बदल घडवणाऱ्या साधनांचे गणित कडक असते: प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर येते असे धरले आणि एका पायरीची चूक दुसरीवर अवलंबून नाही असे मानले, तरी सलग १० पायऱ्या निर्दोष पार पडण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते.

म्हणून माझ्या मांडणीत वाचणारी, म्हणजे फक्त माहिती आणणारी, साधने मॉडेलला मोकळी आहेत, तर लिहिणाऱ्या, म्हणजे नोंदी बदलणाऱ्या, साधनांपाशी आधी मसुदा तयार होतो. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, त्यामुळे नेटवर्क तुटून तीच विनंती पुन्हा गेली तरी ऑर्डर दुप्पट होत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे (मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याच्या सामाईक नियमांमुळे) जोडणीची पद्धत एकसारखी होऊ लागली हे चांगलेच झाले, पण कोणाला किती मुभा द्यायची हे जोडणाऱ्यालाच ठरवावे लागते. गिऱ्हाइकाने जोडलेल्या पीडीएफमधला मजकूर मॉडेलने मालकाची आज्ञा समजून पाळणे, हा धोकाही त्यातच येतो.

प्रत्येक पायरीला माणसाची संमती घेणे हा उपाय मला पटत नाही. दिवसभर ‘होय’ दाबणारा माणूस काही काळाने वाचणेच सोडतो. जे मागे घेता येत नाही तेवढ्यापुरतेच विचारावे, आणि विचारताना मॉडेलने कोणती जुनी ऑर्डर ‘मागची’ मानली तेही पडद्यावर दाखवावे. त्यामुळे मूल्यमापनात मी अचूकतेबरोबर आणखी दोन गोष्टी मोजतो: न विचारता केलेल्या चुका आणि विनाकारण विचारलेले प्रश्न. पहिल्या कमी करायला गेले की दुसरे वाढतात, आणि कोणत्या कामासाठी हा तोल कोठे ठेवायचा हे त्या कामातल्या नुकसानीवरूनच ठरवावे लागते.