टाटा एस्टेटची डिझेल टाकी: नळी, फ्लोट आणि गळा

टाकी अर्ध्याच्या खाली गेली की माझी टाटा एस्टेट ही जुनी स्टेशन वॅगन गाडी झटके देत बंद पडते, ही अडचण मी मागील नोंदीत लिहिली होती. तिचे कारण आता सापडले आहे, मात्र ते दूर करण्यासाठी लागणारे सुटे भाग मिळवण्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत जे हाती लागले आणि जे घेऊन परत करावे लागले, ते दोन्ही येथे सविस्तर लिहीत आहे, कारण एस्टेट सांभाळणारे आपण थोडेच उरलो आहोत.

गाडी १९९४ सालची आहे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या टाटा मोबाइल पिकअपच्या पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये एस्टेट उभी राहिली, आणि २००० च्या सुमारास एस्टेटचे उत्पादन थांबले. तिघींचे नाते इतके जवळचे असल्यामुळे १९४८ सीसी डिझेल इंजिनाचे बहुतेक सामान आजही मिळते. शोध अवघड होतो तो मागच्या भागात, कारण पिकअपच्या हौद्याच्या जागी येथे बंद बॉडी आहे आणि डिझेल भरण्याचा गळा वेगळ्या वाटेने टाकीकडे उतरतो.

सुरुवातीला मी फिल्टर बदलला, इंजिनाजवळच्या सर्व जोडांच्या क्लिपा नव्या केल्या, तरी फरक पडला नाही. मग फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली, तेव्हा टाकी भरलेली असताना डिझेल स्वच्छ वाहत होते आणि पातळी उतरल्यावर त्यात बुडबुडे दिसू लागले. डिझेल ओढणारा फीड पंप इंजिनाकडे असल्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर छिद्र पडले तर बाहेर थेंबही गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. इंजिनाला तात्पुरते बाहेरच्या कॅनमधून डिझेल दिले, तेव्हा तासभर ते एकदाही अडखळले नाही. टाकी उतरवून आतील ओढनळी पाहिली, तर तिच्या मध्यावर गंजाने सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. डिझेल छिद्राच्या वर असेपर्यंत नळी डिझेलच ओढते आणि पातळी छिद्राखाली गेली की हवा ओढू लागते, त्यामुळे गाडी नेमकी अर्ध्या टाकीवर थांबत होती. आपल्यापैकी कोणाची गाडी ठरावीक पातळीवर बंद पडत असेल, तर इंजेक्टरवर खर्च करण्यापूर्वी ही नळी अवश्य पाहावी.

माझ्या गाडीत ओढनळी, परतीची नळी आणि डिझेलची पातळी दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट (दांड्यावरचा तरंगता भाग) एकाच झाकणावर बसवलेले आहेत. पुण्यातील मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात मी सलग सहा रविवार गेलो, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो. पिकअपचा म्हणून दाखवलेला एक फ्लोट झाकणाच्या भोकांवर बरोबर बसला, पण त्याचा दांडा माझ्या टाकीच्या खोलीला लहान पडत होता, त्यामुळे टाकीत चांगले डिझेल असतानाही काटा तळाशी गेला असता. दुसरा फ्लोट लांबीला जुळला, तेव्हा त्याचा विद्युत रोध मोजला. अनेक युरोपीय पद्धतीच्या फ्लोटमध्ये रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम रोध असतो, तर जुन्या फोर्ड गाड्यांत ते उलटे, रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १० ओहम असते. फ्लोट आणि डॅशबोर्डवरचा मीटर एकाच जातीचे नसतील, तर काटा खोटे सांगतो. म्हणून दुकानातच मल्टिमीटर लावून दांडा सावकाश वर-खाली करावा आणि आकडे मध्ये तुटत नाहीत ना, हे पाहावे. माझ्या हातातला तो फ्लोट मधल्या टप्प्यात तुटत होता, म्हणून तो परत केला. शेवटी माझाच जुना फ्लोट साफ करून ठेवला आणि झाकणावर नवी पोलादी नळी पितळाने झाळून घेतली.

टाकीच्या तळाशी गंज होता. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते आणि पत्रा आतून खाते. एका फॅब्रिकेटरने गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नवी टाकी करून देण्याची तयारी दाखवली होती. मी नकार दिला, कारण डिझेल जस्ताशी संयोग पावून साबणासारखा गाळ तयार करते आणि तो गाळ फिल्टर व इंजेक्टरमध्ये जातो. जुनी टाकी सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने दोन दिवस भिजवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पूर्ण वाळवली आणि लगेच आतून डिझेल फिरवले. दोन छिद्रे होती, त्यांच्यासाठी टाकी वाफेने धुऊन, पाण्याने जवळजवळ भरून मगच रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराने झाळ दिली. डिझेलची टाकी धोक्याची नाही, असे समजून कोरड्या टाकीला ज्योत लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तापलेल्या डिझेलची वाफ स्फोट घडवते.

गळ्याच्या रबरी जोडाने मात्र सर्वांत अधिक वेळ घेतला. आधीच्या मालकाने तेथे रेडिएटरचा होज कापून बसवला होता. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असावा. हे रबर गरम पाण्याला उत्तम टिकते, पण डिझेलमध्ये फुगून मऊ होते, आणि माझ्या गाडीतला जोड बोटाने दाबताच खचला. त्या वळणाचा मूळ भाग मिळाला नाही. अखेर नायट्राइल रबराचा, आत कापडी थर असलेला सरळ होज घेतला, वळणासाठी मधे पोलादी नळीचा तुकडा वाकवून घातला आणि दोन्ही बाजूंना रुंद पट्टीच्या क्लिपा लावल्या. टाकीत हवा येऊ देणाऱ्या बारीक नळीलाही तेच रबर वापरले, कारण ती बुजली तर टाकीत निर्वात निर्माण होऊन इंजिनाला पुन्हा डिझेल कमी पडू लागते.

मागील रविवारी गाडी पुण्याहून वाईला नेऊन आणली. परतताना काटा पाव टाकीवर होता आणि पारदर्शक नळीत एकही बुडबुडा नव्हता. ती नळी आणखी महिनाभर तशीच ठेवणार आहे. टाकीच्या झाकणाचा मूळ रबरी वायसर अजून हवा आहे; सध्या कॉर्कचा कापून बसवला आहे. फ्लोटच्या दांड्याची आणि गळ्याच्या वळणाची मापे मी कागदावर काढून ठेवली आहेत, ज्यांना हवी असतील त्यांना आनंदाने देईन.