घरचे वायफाय आणि उपकरणांची यादी

मालवणच्या आमच्या घरी पर्यटक उतरू लागल्यापासून वायफायचा पासवर्ड अख्ख्या वाडीत पोहोचला होता. म्हणून मी राउटरमध्ये केवळ घरच्या उपकरणांचे मॅक पत्ते, म्हणजे त्यांचे १२ अंकाक्षरी ओळखक्रमांक, नोंदवून इतरांना प्रवेश बंद केला. मात्र आईचा फोन जोडला जाईना, कारण मी त्याचा मूळ पत्ता लिहिला होता आणि अँड्रॉइड १० पासून फोन सहसा प्रत्येक नेटवर्कला वेगळा, यादृच्छिक पत्ता दाखवतो. आमच्या वायफायपुरती ती सोय बंद करावी लागली. शिवाय हा पत्ता हवेतून उघडाच जात असल्याने जाणकाराला त्याची नक्कल करता येते, त्यामुळे खरी भिस्त डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षा पद्धत आणि लांब पासवर्ड यांवरच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. पर्यटकांसाठी आता स्वतंत्र गेस्ट नेटवर्क आहे.