सी८६ची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना

‘अरे, ही सगळी गाणी नेटवर आहेत की!’ असं बायको म्हणाली, आणि ते खरंच आहे. चेरी रेड या लेबलने २०१४ साली सी८६ ही जुनी कॅसेट तीन सीड्यांवर पुन्हा काढली: मूळची २२ गाणी आणि वर त्या काळातली आणखी ५०. तो संच माझ्याकडे आहेसुद्धा. तरी इथे इंग्लंडात, लीड्समधल्या एका चॅरिटी शॉपच्या (जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या) खोक्यात मूळ कॅसेट दिसल्यावर ती तिथेच सोडून येणं काही मला जमलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८६ साली एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने रफ ट्रेड या रेकॉर्ड लेबलच्या जोडीने ही कॅसेट काढली. वाचकांनी ती टपालाने मागवायची. निवड रॉय कार, नील टेलर आणि एड्रियन थ्रिल्स यांची. बावीस बँड, प्रत्येकाचं एक गाणं. त्याआधी पाच वर्षं एनएमई आणि रफ ट्रेडनेच सी८१ काढली होती, तिचीच ही पुढची आवृत्ती म्हणा. पण ख्याती झाली ती सी८६ची, आणि तीही एकाच गोष्टीसाठी: खणखणत्या गिटारी, लाजरा गळा, गोड चाली.

जुनी कॅसेट हाती आली की ती लगेच वाजवायची नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं आवळून बसलेली टेप सुटी होते. ते करतानाच आतून एक चौकोनी तुकडा गळून पडला. टेपवरचा आवाज वाचणारा भाग म्हणजे हेड; टेपला त्या हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा तो. पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर डिंकाने चिकटवलेला असतो आणि चाळीस वर्षांत डिंकाची भुकटी होते. तो नसेल तर आवाज कधी येतो, कधी जातो. दुसऱ्या एका निकामी कॅसेटचा तुकडा काढला, टेप हळूच बाजूला धरली आणि चिमट्याने बसवला. गोंद अगदी टाचणीच्या टोकाएवढा. जास्त झाला तर टेपलाच लागायचा.

मग डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसले. इअरबड तपकिरी होऊन निघाला. बेल्ट सैल पडला होता, तो नवा घातला. वेग मात्र तरीही किंचित कमी. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी. ते मोजायला काही साधन नव्हतं, म्हणून सीडीचाच आधार घेतला. एकाच गाण्याचा पहिला ठोका ते शेवटचा ठोका, सीडीवर किती आणि टेपवर किती, हे ताडून मोटारीचा बारीक स्क्रू फिरवला.

खरा वेळ खाल्ला तो अ‍ॅझिमथने. हेडमधली फट टेपच्या चालीला बरोबर काटकोनात असावी लागते. जराशी तिरकी झाली तरी वरचे सूर मरतात आणि सगळं उशीखालून ऐकल्यासारखं येतं. हेडशेजारी स्प्रिंगचा एक इवलासा स्क्रू असतो. आवाज मोनो करायचा, हेडफोन लावायचा आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचं. डावा-उजवा जुळले की झांजा एकदम उजळतात. मी यासाठी पहिलंच गाणं धरलं, प्रायमल स्क्रीमचं ‘व्हेलॉसिटी गर्ल’. ते दीड मिनिटाच्या आतच संपतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा मागे जावं लागलं. आता ते गाणं काही महिने नको.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये केलं, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. त्यात सांगण्यासारखं फार नाही. टेपची खरखर घालवायचा पर्यायही वापरून पाहिला, पण या गिटारींची सगळी धार खरखरीच्याच पट्टीत आहे. खरखर गेली की गिटारी पाणचट होतात. राहू दिली. गाणी तोडायला सॉफ्टवेअरचा शांतता शोधणारा पर्यायही कामाचा नाही, कारण दोन गाण्यांमधल्या जागेतही खरखर असतेच. खुणा हातानेच केल्या.

या कामात गाणं पुढे ढकलता येत नाही, टेप आपल्या वेगानेच चालते. त्यामुळे कॅसेट प्रथमच क्रमाने ऐकली, आणि ती ख्याती मला अर्धवट वाटायला लागली. पहिल्या बाजूला सहा गाणी बऱ्यापैकी सुरेल जातात. मग स्टंप हा बँड, त्यामागून बॉगशेड, त्यामागून ए विटनेस. वाकडा ताल, खरवडणाऱ्या गिटारी, ओरडा. लाजरं यात काय आहे? दुसऱ्या बाजूला बिग फ्लेम आणि द श्रब्ज त्याच जातीचे. रॉन जॉन्सन नावाच्या चिमुकल्या लेबलशी संबंधित असे पाच बँड या कॅसेटवर आहेत, आणि कौतुकाच्या लेखांत नेमके तेच गळतात. हाफ मॅन हाफ बिस्किट तर मुळात विनोदी, आणि मॅकार्थीची चाल कितीही गोड असली तरी राजकारण कडक डावं. बावीस जणांत एक समान सूर शोधणं हा नंतरच्या लोकांचा उद्योग. निवडणाऱ्यांनी त्या वर्षी आजूबाजूला जे चाललं होतं ते गोळा केलं, एवढंच.

लीड्सकर म्हणून आणखी एक गंमत: पहिली बाजू एज ऑफ चान्सवर संपते आणि दुसरी द वेडिंग प्रेझेंटवर. दोन्ही बँड इथलेच.

फाइल्स पुण्यातल्या मित्राला पाठवल्या, क्रमाने ऐक असं बजावून. पठ्ठ्याने शफलवर टाकल्या. स्टंप वगळता सगळे एकसारखेच वाजतात म्हणाला. त्यावरून आमचं फोनवर जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.