थायरॉइडची गोळी: मात्रा वाढवण्याआधी वेळ बघा

"गोळी तं रोज घेतो जी, पण रिपोर्ट काही उतरत नाही." वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या दवाखान्यांत बाजाराच्या दिवशी हे वाक्य हमखास कानावर पडतं. टीएसएच (डोक्यातली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावायला सोडते ते संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) ९ चा ११ होतो, ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची होते, पुढे १०० ची. बाई मात्र तशीच थकलेली, अंग जड, बद्धकोष्ठ कायम. अशा वेळी पुष्कळदा मात्रा कमी नसतेच. गोळी पोटात जाते, पण रक्तात पुरती पोचत नाही. मात्रा वाढवायच्या आधी गोळी कधी आणि कशासोबत घेतली जाते, ते विचारायला हवं.

गोळीत असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथी जे टी-४ बनवते तेच. ग्रंथी कमी पडते म्हणून ते बाहेरून द्यायचं. हे औषध लहान आतड्यातून शोषलं जातं आणि त्याला रिकामं पोट लागतं. रिकाम्या पोटीसुद्धा सगळं शोषलं जात नाही. त्यात अन्न, चहा, दूध, लोह, कॅल्शियम आलं की वाटा आणखी घटतो. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे फारच थोडी असते. त्यातला चौथा हिस्सा वाया गेला तरी रिपोर्टवर दिसतो.

आता आपल्याकडची सकाळ बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई पाचला उठते. चूल पेटली की पहिला चहा. आठ वाजेस्तोवर भाकरी, भाजी, डबा उरकून वावरात. गोळी आठवते ती चहासोबत, नाहीतर शिदोरी सोडताना. दोन्ही वेळा चुकीच्या. चहा दुधाचा असो की कोरा, गोळीनंतर निदान अर्धा तास थांबायचं. तासभर जमला तर उत्तम.

यावर सोपा उपाय आहे. रात्री निजताना गोळ्यांची बाटली आणि झाकलेला पाण्याचा पेला उशाशी ठेवायचा. जाग आली की आधी गोळी, साध्या पाण्याने. मग तोंड धुणं, अंगण झाडणं, सडा, पाणी भरणं. एवढं होईस्तोवर अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि चूल नंतरच पेटते. घरात लहान मूल असेल तर मात्र बाटली उशाशी नको. उंचावर ठेवा आणि पेल्याशेजारी फक्त त्या दिवसाची एक गोळी वाटीत झाकून ठेवा, तीही मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी.

सकाळ जमतच नसेल तर रात्र चालते. शेवटचं जेवण होऊन किमान तीन तास झालेले हवेत. साडेसातला जेवून साडेदहाला निजणाऱ्याला हे जमतं, जेवून लगेच अंग टाकणाऱ्याला नाही. सकाळ की रात्र, एक ठरवा आणि तीच ठेवा. आज पहाटे, उद्या दुपारी, परवा रात्री असं केलं तर रिपोर्टमधल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

चार तासांचं अंतर कशाकशाला हवं, ते लक्षात ठेवा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीवरची पातळ पांढरी औषधं, ज्यांत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं. हे पदार्थ थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांची गोष्ट वेगळी. ती पोटातलं आम्लच कमी करतात आणि गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं, म्हणून तिथे अंतर ठेवून पुरेसा फायदा होत नाही. पित्ताची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. खरंच गरज आहे का ते ते बघतील, आणि गरज असेल तर टीएसएच बघून मात्रा बसवतील.

आपल्या भागात सोयाबीनबद्दल हटकून विचारतात. सोयाबीन पिकवण्याने काही होत नाही, खाण्याने थायरॉइडचा आजारही जडत नाही. पण सोयाच्या वड्या, सोयाचं पीठ, सोयाची प्रोटीन पावडर गोळीच्या वेळेजवळ खाल्ली की शोषण घटतं. दुपारच्या भाजीत वड्या खुशाल खा. कोबी-फुलकोबी शिजवून खायला हरकत नाही. आयोडीनयुक्त मीठ घरात असावंच, मात्र त्याने हा आजार बरा होत नाही. मोठ्या माणसांत कारण बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं हे असतं. मीठ वाढवून किंवा काढे पिऊन ती ग्रंथी परत कामाला लागत नाही.

वेळ चुकवत मात्रा वाढवत नेण्यात खरा धोका आहे. समजा, गोळी चहासोबत घेऊन घेऊन मात्रा १५० वर गेली. मग कुणीतरी वेळ समजावून सांगितली आणि बाई दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या पोटी घेऊ लागली. आता तीच १५० जास्त होते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, घाम, जुलाब, वजन उतरणं ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणं. वय साठीपुढचं असेल तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून वेळ सुधारली की डॉक्टरांना कळवा आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा. बसल्या जागी नाडी सतत नव्वद-शंभरच्या वर लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सहा आठवडे थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा आठवडेच का? थायरॉक्सिनचा अर्धा साठा शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीवरून मात्रा हलवली तर चुकीच्या दिशेला जाते. याच कारणाने एक दिवस गोळी राहिली तर घाबरायचं काम नाही. हरतालिकेचा निर्जळी उपास असेल आणि गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घ्या. इतर दिवशी दुपारी आठवलं आणि खाऊन तीन तास झाले असतील तर तेव्हा घ्या. स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून महिनाभर बंद तर मुळीच करू नका.

मात्रा ठरते वजन, वय आणि हृदय बघून. ग्रंथी पूर्ण बंद असलेल्या तरुण माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोला सुमारे १००. म्हाताऱ्या माणसाला किंवा हृदयरोग असलेल्याला १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू चढतात. म्हणून सुनेची गोळी सासूला चालत नाही. शेजारणीची तर त्याहून नाही, कारण तिचा थायरॉइड वाढलेला असू शकतो आणि तिच्या बाटलीत कार्बिमाझोल, म्हणजे नेमकं उलट काम करणारं औषध असू शकतं. वजन उतरवायला थायरॉक्सिन घेणं हा प्रकारही गावापर्यंत पोचलाय. आजार नसताना हे औषध हृदयाला आणि हाडांना इजा करतं.

बाटलीवरचा आकडा रोज बघायची सवय लावा. २५, ५०, ७५, १०० आणि अधेमधे ६२.५, ८८, ११२ असेही आकडे येतात. बाटल्या दिसायला सारख्याच. मेडिकलमध्ये आधीची बाटली दाखवा आणि कंपनी, आकडा, मुदत तिन्ही जुळवून घ्या. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. चिठ्ठीत एक आणि बाटलीवर दुसरं एकक असेल तर न विचारता घेऊ नका. जनऔषधी केंद्रातली थायरॉक्सिनची गोळी स्वस्त पडते आणि ती खुशाल घ्यावी. फक्त एकदा एक कंपनी धरली की तीच चालू ठेवा, आणि बदलावीच लागली तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

गोळी ठेवायची कुठे, हा आपल्याकडे मोठा प्रश्न आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त तापतं. बाटलीवर मात्र २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. उष्णता, उजेड आणि ओल, तिन्हीने थायरॉक्सिनचा कस जातो. गोळी पांढरीच दिसते, पण काम कमी करते. तेव्हा मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा. चुलीजवळ, खिडकीत, टिनाखालच्या फळीवर नको. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीतला खालचा कोनाडा बरा, घरात लहान मूल नसेल तर. माठाशेजारी गार वाटतं, पण तिथे ओल असते. धान्याच्या कोठीत तर कधीच ठेवू नका, तिथे सेल्फॉसच्या गोळ्या टाकलेल्या असू शकतात आणि ते जीवघेणं विष आहे. फवारणीच्या डब्यांशेजारीही नको. उन्हाळ्यात चार महिन्यांचा साठा करण्यापेक्षा एकेका महिन्याचा आणा.

रक्त तपासायला जाताना त्या सकाळची गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्यावर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ चा, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या टी-४ चा, आकडा वर दिसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो. क्षयरोगाची औषधं सुरू झाली तर त्यातलं रिफाम्पिसिन थायरॉक्सिन लवकर संपवतं. मिरगीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तसंच. तेव्हा टीएसएच पुन्हा बघावा लागतो, आणि क्षयरोगाचा कोर्स संपल्यावर आणखी एकदा.

दिवस गेले की गणित बदलतं. पहिल्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं आणि त्याच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईची गरज पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते. पाळी चुकली आणि तपासणीत दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन, ही वाढ सुरू करण्याची रुळलेली पद्धत आहे. दिवस जाण्याचा विचार असेल तेव्हाच ती डॉक्टरांकडून लिहून घेतलेली बरी. पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करा आणि तो २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. बाळंतपणानंतर मात्रा परत पूर्वीइतकी आणि सहा आठवड्यांनी तपासणी. अंगावर पाजणाऱ्या आईला ही गोळी सुरक्षित आहे.

गरोदरपणातच आशाताई लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. जोडीला कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. या घ्यायलाच हव्यात, पण सगळ्या एका मुठीत घेतल्या तर थायरॉक्सिन गेलं आणि लोहही पुरतं लागत नाही. पहाटे उठल्याबरोबर थायरॉक्सिन, दुपारी बाराच्या जेवणासोबत पहिलं कॅल्शियम, चारला लोह, रात्री आठच्या जेवणासोबत दुसरं कॅल्शियम, असं बसवा. चारचा चहा तेवढा तासाभराने पुढे ढकला, चहा लोहाला अडवतो. कागदावर लिहून भिंतीला लावलं की घरातलं कुणीही आठवण देऊ शकतं.

बाळालाच जन्मतः हा आजार असेल तर उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला पाहिजे. फार झोपणारं, दूध कमी ओढणारं, घोगरं रडणारं, कावीळ लांबलेलं, बेंबी पुढे आलेलं बाळ असेल तर टीएसएच करून घ्या. लक्षणं नसली तरी सोय असेल तिथे टाचेच्या रक्ताची तपासणी सोडू नका, कारण अनेक बाळं सुरुवातीला चांगलीच दिसतात. मात्रा किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५. गोळी दोन कोरड्या स्टीलच्या चमच्यांमध्ये दाबून बारीक भुकटी करायची, त्याच चमच्यात काढलेलं आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी थोडंसं घालायचं आणि लगेच गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. चमच्याला भुकटी चिकटून राहते, म्हणून आणखी थोडं दूध घालून तेही पाजा. कालवून ठेवलेलं नंतर देऊ नका. दुधाच्या बाटलीत मिसळू नका, बाळाने अर्धी सोडली की मात्रा किती गेली ते कळत नाही. जन्मघुटी, लोह किंवा कॅल्शियमचे थेंब यांत तर नकोच.

आणि एक अवस्था अशी आहे की तिथे थायरॉक्सिन आधी देणंच घातक ठरतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, त्यानंतर अंगावर दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, आणि पुढे काही वर्षं बाई अशक्त, बीपी कमी, चक्कर, काखेतले केस गळलेले. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. टीएसएच बनवणारी पिट्युटरी ग्रंथीच रक्त न मिळाल्याने निकामी होते. इथे फ्री टी-४ कमी असतो, पण टीएसएच नॉर्मल किंवा कमी येतो, म्हणून नुसता टीएसएच बघून "थायरॉइड ठीक आहे" म्हटलं जातं. या बाईला कॉर्टिसोलची, म्हणजे बीपी आणि साखर टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचीही कमतरता असते. नुसतं थायरॉक्सिन सुरू केलं तर असलेलं कॉर्टिसोलही लवकर संपतं आणि उलट्या, साखर घसरणं, बीपी पडणं, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. आधी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मगच थायरॉक्सिन, असा क्रम हवा. पुढची मात्राही टीएसएचवर नाही, फ्री टी-४ वर ठरते.

म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा: शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेलं, दूध आलं का, पाळी आली का. तशी शंका असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा एम्स इथे जा आणि जुने सगळे कागद सोबत न्या. स्टेरॉइडची गोळी सुरू झाली की ती एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर मात्रा किती वाढवायची ते आधीच लिहून घ्या, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यात जा.