चेनसॉ गरम झाला की दम सोडतो? मग गार व्हायच्या आत तपासा

गार असताना एका-दोन ओढीत सुरू होतो, पहिली टाकी झकास कापतो, आणि एकदा चांगला तापला की रेस दिली तरी आवाज बसतो, लाकडात घातला की गुदमरतो. मग बहुतेक लोक काय करतात तर मशीन बाजूला ठेवतात, अर्ध्या तासाने परत दोरी ओढतात, सुरू झालं की पुढे कापत राहतात. हे कृपा करून करू नका. हा बिघाड फक्त गरम मशीनमध्येच दिसतो, गार झालेलं मशीन मेकॅनिकसमोर ठेवलं तर त्यालाही काही सापडत नाही, आणि कारण पेट्रोल कमी पडण्याचं असेल तर प्रत्येक वेळी पिस्टन थोडा थोडा खरवडला जातोय.

आधी चेन बघा म्हणजे ती शंका मिटेल. चिप्सच्या ऐवजी पिठासारखा भुसा पडत असेल किंवा बारला (चेन ज्या पट्टीवर फिरते तिला) ऑइल पोचत नसेल तर इंजिनाचा दोष नाही, चेनला धार लावा, ऑइलचं भोक साफ करा. एअर फिल्टर, स्टार्टर कव्हरच्या आतला आणि सिलिंडरच्या फिन्समधला भुसा, सायलेन्सरची जाळी हेही तेव्हाच उरकून घ्या, जाळीवर कार्बन जमला की धूर बाहेर पडायलाच जागा राहत नाही आणि इंजिन तापत जातं.

आता मुख्य गोष्ट, मशीन नक्की कसं मरतंय. हळूहळू ताकद जात जात बंद पडतंय का स्विच मारल्यासारखं एकदम? हळूहळू जात असेल तर मी पहिला संशय टाकीच्या व्हेंटवर (हवा आत येण्याच्या भोकावर) घेतो. पेट्रोल संपेल तशी टाकीत हवा यायला हवी, व्हेंट चोंदला की आत व्हॅक्यूम होतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. मशीन बंद करून झाकण सावकाश थोडंसंच सैल करा, तोंड लांब ठेवा कारण गरम टाकीत कधी उलट प्रेशरही असतं आणि पेट्रोल उडतं. हवा आत ओढल्याचा आवाज आला, झाकण परत लावल्यावर मशीन पुन्हा पूर्ण ताकदीने चाललं, तर चोर सापडला. नाहीतर मग टाकीतला फिल्टर, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचा कडक झालेला डायफ्राम (आतला पातळ पडदा) बघा.

एकदम बंद पडत असेल तर इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल. गरम झाल्यावर आतलं वायंडिंग तुटक होतं, गार झालं की परत जुळतं, म्हणून गार मशीनवर करंट बघून काही उपयोग नाही, बंद पडल्या पडल्या लगेच बघायचा. प्लग काढून सिलिंडरला टेकवून ठिणगी बघण्यापेक्षा स्पार्क टेस्टर लावा, प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, भडका उडायला वेळ लागत नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. गरम झाल्यावर स्लो (ट्रिगर न दाबतानाची रेस) आपोआप वाढतो, ट्रिगर सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही, प्लग पांढराफटक पडतो. म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा घेतंय, बहुतेक वेळा क्रँकच्या ऑइल सीलमधून (शाफ्टभोवतीच्या रबरी रिंगेतून) नाहीतर कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी बूटमधून. अशा वेळी बरेच जण कार्बोरेटरचा एच स्क्रू (जास्त रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा) सैल करून पेट्रोल वाढवतात आणि मशीन चालतंही, पण गळती तिथेच राहते आणि वाढतच जाते. क्रँककेसची (क्रँक ज्यात बसतो त्या बंद भागाची) प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही टेस्ट करून घ्या, सील कधी कधी प्रेशर धरतं आणि व्हॅक्यूम सोडतं. आणि जास्त आरपीएमसाठी एच स्क्रू आवळायचा तर विचारही नको, टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल जातं, पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी.

शेवटी सायलेन्सर काढून टॉर्चने पिस्टन बघाच, दोन-तीन स्क्रूचं काम असतं. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील, गरम असताना दोरी हलकी लागत असेल, कॉम्प्रेशन १०० पीएसआयच्या खाली असेल (चांगलं इंजिन साधारण १५० च्या आसपास दाखवतं) तर स्क्रू फिरवत बसू नका, पिस्टन-सिलिंडर बदलायची वेळ आलीय. फक्त नवीन बसवायच्या आधी जुना कशामुळे गेला ते शोधा, गळकं सील तसंच ठेवलं तर नवीन पिस्टनही त्याच बाजूने खरवडेल.