पाचपैकी तीन

गेल्या आठवड्यात दावोसला तीन दिवस सलग बर्फ पडला. नोव्हेंबर अजून सरायचाय, बहुतेक लिफ्ट बंद आहेत, आणि शनिवारी सकाळी दार उघडलं तर बर्फ गुडघ्याच्या वर. आकाश मात्र धुतल्यासारखं निळं. अशा सकाळी इथला स्कीवाला घरात टिकत नाही. साडेसातलाच फोन वाजला. ऑफिसातला माझा सहकारी, मूळचा नागपूरचा, चार हिवाळ्यांत फार सुंदर स्कीइंग शिकलाय. म्हणाला, "ताई, दिश्मा खोऱ्याकडे जाऊ या. आज आपल्याआधी कुणी नसेल."

"हिमस्खलनाचं बुलेटिन बघितलंस?"

"बघितलं ना. तीन आहे. पाचपैकी तीन, म्हणजे मधलंच की."

त्याच्या ह्या "मधलंच की"साठी आज लिहायला बसलेय. डिसेंबरात तुमच्यापैकी काही जण इकडे येणार आहात, आणि हाच आकडा तुम्हीही वाचणार आहात.

हिमस्खलनाचा धोका सगळ्या युरोपात एक ते पाच अशा आकड्यांत सांगतात. स्वित्झर्लंडसाठी हे काम दावोसचीच संस्था करते, एसएलएफ. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला तिचं बुलेटिन येतं. पण हे आकडे फूटपट्टीवरच्या खुणांसारखे समान अंतरावर नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कित्येक पटींनी वाढतो. तीनचं नाव "लक्षणीय" आहे, आणि तीनला एकट्या माणसाच्या वजनानेही उतार फुटू शकतो. इथल्या हिमस्खलनांतले जवळपास निम्मे मृत्यू तीनच्याच दिवसांत होतात. चारला रस्ते बंद होतात, माणसं आपणहून घरात थांबतात. तीनला ऊन पडलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती. मला वाटायचं, हिमस्खलन वरून येतं आणि खाली कुणी बिचारा सापडतो. प्रत्यक्षात स्कीवाले ज्यात सापडतात ती दहापैकी नऊ स्खलनं त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात.

म्हणून आम्ही दिश्माला गेलो नाही. रविवारी ओळखीच्या एका गाइडबरोबर सौम्य उतारावर गेलो, वरच्या बाजूलाही काही तीव्र नाही अशा ठिकाणी, फक्त खड्डा खणायला. तीस अंशांपेक्षा कमी उतारावर बर्फ सहसा सुटत नाही, म्हणून ती जागा. चालता चालता पायाखालून "वुम्म" असा आवाज आला. मोठा नाही, पण पोटात जाणवणारा, जणू जमिनीने एकदम श्वास सोडला. इथले लोकही त्याला वुम्मच म्हणतात. खालचा कमकुवत थर बसला आणि त्यात कोंडलेली हवा निघून गेली, त्याचा तो आवाज. हाच आवाज तीव्र उतारावर आला असता तर पुढचं सांगायला नको.

खड्डा जमिनीपर्यंत खणला. वर ताजा बर्फ, त्याखाली वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट थर, आणि अगदी तळाशी ऑक्टोबरात पडलेला जुना बर्फ. तो हातात घेतला तर जाडसर साखरेसारखा बोटांतून गळून गेला. गोळा करून पाहिला, होईचना. जर्मनमध्ये ह्याला श्विमश्ने म्हणतात, पोहता बर्फ. हा असा का होतो ते गाइडने सांगितलं. ऑक्टोबरातला थर पातळ असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की वाफ खालून वर सरकत राहते, कणांची नव्याने घडण होते, आणि एकमेकांना न धरणारे टोकदार दाणे उरतात. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या उंच उतारांवर हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. मग नोव्हेंबरात एकदम तीन दिवसांचा भार वर येतो. कोरड्या वाळूवर भली मोठी फरशी अंथरावी आणि ती वाळू तिरकी असावी, तसं. फरशी फुटते तेव्हा तुकडा निखळत नाही, अख्खा उतार एकदम सरकतो.

गाइडने बर्फाचा चौकोनी खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारायला लागला. दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून अशी ही रीत. तेराव्या थापेला वरचा सगळा ठोकळा त्या साखरेवरून सर्रकन निसटून आमच्या पायाशी आला. नागपूरकर बराच वेळ काही बोलला नाही.

येणाऱ्यांसाठी एक कळकळीचं सांगणं आहे. हंगाम सुरू झाला की पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी आखून दिलेल्या उतारांवर, पहाटे स्फोट करून बर्फ पाडून घेतात, खांब लावतात, रोज पाहणी करतात. नोव्हेंबरात न उघडलेल्या पिस्टवर यातलं काहीच झालेलं नसतं. नकाशात निळी, म्हणजे सोप्या उताराची रेघ दिसली तरी तो नुसता डोंगर आहे. आणि हंगामातही पिस्टबाहेर गेलेल्या स्कीच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. आधी पाच जण सुखरूप गेले म्हणून सहाव्याला तो उतार सोडत नाही.

गाडलं गेल्यावर पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले दहापैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण दहापैकी तिनांवर येतं. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत पोहोचेलच असं नाही, म्हणजे वाचवणारे फक्त सोबतचे. म्हणून प्रत्येकाकडे सिग्नल देणारं यंत्र, बर्फात खुपसून शोधायला लांब सळई आणि धातूचं फावडं हवंच. थांबलेलं स्खलन इतकं घट्ट होतं की हातांनी उकरता येत नाही.

मी महाडची. २०२१च्या जुलैत तळियेवर दरड आली, तेव्हा मी इथे फोन हातात धरून बसले होते. त्यानंतर फ्राउएनकिर्शच्या जुन्या चर्चकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले. त्याची डोंगराकडची भिंत पाचरीसारखी टोकदार बांधलीय, वरून बर्फ आला तर दुभंगून दोन्ही बाजूंनी जावा म्हणून. कधीतरी येणार हे धरूनच ती बांधलीय. तळियेची आठवण झाली की ती भिंत डोळ्यांपुढे येते.

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी नागपूरकराचा मेसेज आला: "ताई, उत्तरेकडचे उतार, २२०० मीटरच्या वर, जुना बर्फ. अजून तीनच आहे. शनिवारी खालच्या जंगलातून चालून येऊ या का?"