अ‍ॅड्रेनालिन कोणी दिलं?

सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. मे महिन्यातल्या एका रात्री एका पेशंटचा अरेस्ट झाला, म्हणजे हृदय बंद पडलं. आम्ही पाच-सहा जण धावलो. डॉक्टर ओरडले, "अ‍ॅड्रेनालिन द्या!" हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून ते इंजेक्शन देतात. मला वाटलं दुसरी सिस्टर देतेय, तिला वाटलं मी देतेय. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कितवा डोस झाला?" कोणीच बोलेना. अ‍ॅम्प्यूल ट्रेमध्ये तसंच पडलेलं. पेशंट गेला. वेळेत डोस मिळता तर वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण बाहेर बसलेल्या नातेवाइकांसमोरून जाताना माझी मान वर होईना.

सकाळी आमच्या इन्चार्ज मॅडमनी 'चूक कोणाची' हे विचारलंच नाही. सगळ्यांना बसवलं, डॉक्टरांनाही. त्या दिवसापासून ड्युटी सुरू होतानाच फळ्यावर नावं लागायला लागली: छाती कोण दाबणार, अँब्यू (श्वास देण्याची पिशवी) कोणाकडे, औषधं कोणाकडे, वेळ कोण लिहिणार. डॉक्टर बेडच्या पायथ्याशी उभे राहून मॉनिटर बघणार आणि नाव घेऊनच सांगणार. सांगितलेलं आपण मोठ्याने परत म्हणायचं आणि दिल्यावर पुन्हा सांगायचं: "१ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन दिलं."

दुपारी गर्दी ओसरली की पुतळ्यावर सराव. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, किमान ५ सेंटिमीटर खोल, ६ च्या वर नाही. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून माणूस बदलायचाच. हे सगळं हाताला येतं. अवघड गेलं ते तोंड उघडणं. "सर, दाब कमी पडतोय" हे वाक्य पुतळ्यासमोरसुद्धा माझ्या घशात अडकायचं. इतकी वर्षं डॉक्टरांनी सांगायचं आणि आम्ही करायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं. एका तरुण डॉक्टरांनी स्वतःच मला म्हटलं, "सिस्टर, छाती किती खोल दाबतोय ते दाबताना मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. सांगत जा." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग श्रावणातली ती संध्याकाळ. पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार रिक्षातून आणला. नाडी नाही, मॉनिटरवर रुंद, लांबट लाटा. मी छातीवर, ब्रदर (पुरुष नर्स) अँब्यूवर, डॉक्टर मॅडम पायथ्याशी. बायको दारात रडत तेलुगूत काहीतरी सांगत होती. आमची वेळ लिहिणारी सिस्टर पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या घरातली. लिहिता लिहिता तिने ऐकलं आणि तिथूनच स्पष्ट आवाजात म्हणाली, "मॅडम, पेशंट डायलिसिसवर आहे. दोन डायलिसिस चुकलेत."

पूर्वी ती हे कोणाच्या तरी कानात कुजबुजली असती. मॅडमनी मॉनिटरकडे पाहिलं. "पोटॅशियम वाढलंय. कॅल्शियम ग्लुकोनेट द्या, मग सोडाबायकार्ब." औषधांवरच्या सिस्टरने दोन्ही नावं परत म्हटली. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. कॅल्शियममुळे पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयावरचा त्याचा मारा थोडा वेळ थोपवला जातो. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एकाच लाइनमध्ये लागोपाठ गेलं तर त्यांचा साका (खडूसारखा गाळ) बसतो, म्हणून मध्ये सलाइनने लाइन धुवायला ती विसरली नाही. "दोन मिनिटं झाली, माणूस बदला." मी बाजूला झाले, ब्रदर आला. अ‍ॅड्रेनालिन चार-चार मिनिटांनी, प्रत्येक डोसची वेळ कागदावर.

अकराव्या मिनिटाला मॉनिटरवरच्या लाटा अरुंद झाल्या. मॅडमनी मानेवर बोटं ठेवली. "पल्स आहे." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बीपी घ्यायचं होतं, डायलिसिस युनिटला फोन करायचा होता. बायकोला बातमी त्याच सिस्टरने दिली, तेलुगूतच.

पेशंट डायलिसिसला गेल्यावर मॅडमनी आम्हाला पाच मिनिटं थांबवलं आणि विचारलं, "वेळ कुठे गेला?" मी म्हटलं, "मॅडम, पहिल्यांदा नाडी बघताना तुम्ही अठरा सेकंद घेतली. दहाच्या आत पाहिजे." हे बोलताना माझा आवाज कापत होता. त्यांनी कागद घेऊन आकडा पाहिला आणि मान हलवली. "बरोबर. पुढच्या वेळी दहापर्यंत मोठ्याने मोजा, मी बोटं काढते." ब्रदरने सांगितलं, स्टूल सापडेना म्हणून तो टाचा उचलून दाबत होता.

स्टूल आता क्रॅश ट्रॉलीलाच, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या गाडीलाच, अडकवलेलं असतं.